वाटाण्याचे रोप आणि स्वस्तातला कॅमेरा

साखरशेत हे जव्हार तालुक्यातले गाव. तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. अशा गावातल्या शाळेत कॅमेरा असलाच तर कोणता असेल? बहुधा कोणी पाहुण्याने किंवा संस्थेने भेट दिलेला, सर्वांत स्वस्त डिजिटल कॅमेरा : प्लॅस्टिकचा, साबणाच्या वडीएवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. २००० सालानंतरच्या दहा वर्षांत असे नवशिक्यांचे कॅमेरे भरपूर विकले गेले. आता शिक्षकांच्या खिशात फोन आला आणि तो कॅमेरा कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या मागे जाऊन पडला.

या लेखात आम्हाला त्या कपाटातल्या कॅमेऱ्याची बाजू घ्यायची आहे. त्यासाठी काळात थोडे मागे जावे लागेल आणि नकाशावर थोडे पूर्वेला. जव्हारहून मोखाड्यामार्गे घाट चढून गेले की त्र्यंबकेश्वर लागते. तिथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या एका माणसाने कॅमेऱ्यासमोर वाटाण्याचे रोप ठेवून जे केले, ते आज साखरशेतच्या सातवीतल्या मुलीला करता येण्यासारखे आहे. मधल्या शंभरेक वर्षांत नेमके काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे.

फोटोग्राफीचा शोध १८३९ साली जाहीर झाला आणि तो मुंबईत फार लवकर पोचला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गसुद्धा सुरू झाला. शोध लागून अवघी सोळा वर्षे झाली होती आणि तो शाळेत शिकवला जात होता! नव्या तंत्राच्या बाबतीत इतकी तत्परता आपल्या शिक्षणव्यवस्थेने नंतर क्वचितच दाखवली असेल. या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही सोसायटीचे सभासद होते आणि १८५७ च्या प्रदर्शनात त्यांनी काढलेली छायाचित्रे मांडली गेली होती.

पण फोटो काढणे म्हणजे तेव्हा खटाटोप होता. काचेवर कोलोडिअनचा चिकट थर द्यायचा, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच धुवायची. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे, कारण थर वाळला की काच वाया गेली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तेवढाही अवधी मिळत नसे. गावाबाहेर फोटो काढायचा तर अंधाऱ्या खोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाणी यांच्यासह निघावे लागे. साहजिकच कॅमेरा धरणारा माणूस आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहणारा माणूस यांच्यात पैशाचे आणि सत्तेचे मोठे अंतर होते.

त्या अंतराचा एक नमुना मुंबईतच सापडतो. सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसांचे फोटो स्टुडिओत काढायचे, मग ते कापून दुसऱ्याच कुठल्या तरी देखाव्यावर चिकटवायचे आणि त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. या पुस्तकांत बहुतेक चित्रांखाली नाव असते ते जातीचे किंवा जमातीचे. माणसाला नाव नसते. आदिवासींची छायाचित्रे तेव्हापासून निघत आली, पण ती आदिवासींनी काढलेली नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती देण्याचे श्रेय अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांना जाते. त्यांचा १८८८ चा पहिला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरचा होता. त्यात १०० चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा आणि आणखी १० डॉलर भरायचे. म्हणजे रसायनांची कटकट गेली, खर्च मात्र राहिला. १९०० साली त्यांनी ब्राउनी आणला. पुठ्ठ्याची पेटी, पुढे एक साधे भिंग, मागे फिल्म, आणि किंमत एक डॉलर! तो खास मुलांसाठी म्हणून विकला गेला आणि पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक खपला.

इथे जरा हिशेब करू या. ब्राउनीच्या सहा चित्रांच्या फिल्मची किंमत १५ सेंट होती. म्हणजे एका चित्राला अडीच सेंट. चाळीस चित्रे घेतली की फिल्मचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीइतका होई. धुलाईचा आणि कागदाचा खर्च वेगळाच. कॅमेरा स्वस्त झाला होता, फोटो स्वस्त झाला नव्हता. कॅमेऱ्याच्या इतिहासात या दोन गोष्टींची नेहमी गल्लत केली जाते.

आता त्र्यंबकेश्वरच्या त्या माणसाकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. फोटो काढणे, धुणे, छापणे हे सगळे ते शिकले. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ थाटला. प्लेगने तिथे त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे काही काळ ते पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा चलच्चित्र कॅमेरा विकत घेतला आणि १ एप्रिल १९१२ रोजी परतले.

खिशात कॅमेरा होता, चित्रपट काढायला मात्र भांडवल नव्हते. सावकाराला पटेल असे काही दाखवणे भाग होते. फाळक्यांनी काय निवडले? एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि दिवसांमागून दिवस थोडी थोडी चित्रे घेत राहिले. महिनाभराहून अधिक काळ हे चालले. पडद्यावर सलग दाखवल्यावर बी रुजते, अंकुर वर येतो, वेल चढत जाते हे सारे पाहता पाहता घडताना दिसले. ‘अंकुराची वाढ’ म्हणून हा लघुपट ओळखला जातो. तो पाहून कर्ज मिळाले आणि त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला, जो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत पौराणिक नाटकाचा उल्लेख नेहमी होतो. त्याच्याही आधी वनस्पतिशास्त्राचा एक पाठ होता, हे विज्ञानशिक्षकांनी तरी विसरू नये.

फाळक्यांविषयीच्या लेखनात या लघुपटाबद्दल दोन गोष्टी एकत्र सांगितल्या जातात : त्यांनी दररोज एक चित्र घेतले, आणि लघुपट एक मिनिटाहून थोडा मोठा झाला. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि मुलांना हिशेब करू द्यावा. मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवली जात. एका मिनिटाला ९६० चित्रे लागणार. रोज एक या वेगाने ९६० चित्रांना अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. उलट महिनाभराची तीस-पस्तीस चित्रे दोन सेकंदांत संपतील. तेव्हा दोन्ही विधाने एकदम खरी असणे शक्य नाही. लघुपट खरोखर मिनिटाचा असेल तर दिवसाला ३० च्या आसपास चित्रे घ्यावी लागली असणार. बारा तासांचा उजेड धरला तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक. अशी पाळत महिनाभर ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. एवढे करून फिल्म अंधाऱ्या खोलीत धुतल्याशिवाय काय उमटले ते कळणार नव्हते. पुढच्या काळात फिल्मला कडेची भोके पाडणे, ती धुणे अशी कामे सरस्वतीबाई फाळके यांनी अंगावर घेतली. घर हीच प्रयोगशाळा होती.

भारतात ब्राउनीच्या जातीचा कॅमेरा घरोघरी पोचायला आणखी बराच काळ गेला. आमच्या पिढीच्या वाचकांना आगफाचा क्लिक थ्री आठवत असेल. तो बडोद्याला तयार होत असे, म्हणजे जिथे फाळके फोटोग्राफी शिकले त्याच गावात. एक साधे भिंग, ऊन आणि ढगाळ अशा दोन खुणा, आणि एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. उटकमंडला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची ‘इंदू’ फिल्म बाजारात आली होती. तरीही बारा फोटो म्हणजे बाराच. बारसे, सहल आणि स्नेहसंमेलन मिळून एक रोल पुरवायचा, आणि दोन फोटो शिल्लक राहिले तर रोल ‘संपवण्यासाठी’ शेजारची मुले अंगणात उभी करायची. (कित्येकांच्या लहानपणीचा एकुलता एक फोटो असा रोल संपवताना निघालेला असतो.) या हिशेबात वाटाण्याच्या रोपाला जागा नव्हती. तीस फोटो एकाच कुंडीचे? शाळेच्या सादिलवार खर्चात ते मुख्याध्यापकांनी कोणत्या तोंडाने मांडले असते?

ही अडचण ज्या तंत्राने दूर केली त्याची सुरुवात अगदी ओबडधोबड होती. प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो क्रमाने वाचून घेणारी सीसीडी ही चकती बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये कल्पिली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ मध्ये कोडॅकमधला एक तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने अशी चकती वापरून कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते. चित्र १०० गुणिले १०० म्हणजे फक्त दहा हजार ठिपक्यांचे, काळेपांढरे. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९४ मध्ये ॲपल कंपनीने घरगुती वापरासाठी क्विकटेक १०० काढला, त्याची किंमत ७४९ डॉलर होती आणि उत्तम प्रतीची फक्त आठ चित्रे त्यात मावत. आठ! क्लिक थ्रीपेक्षाही चार कमी.

स्वस्ताई आली ती दुसऱ्या वाटेने. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांचे सहकारी १९९० नंतरच्या दशकात अंतराळयानांसाठी लहान, कमी वीज खाणारे कॅमेरे शोधत होते. त्यांनी विकसित केलेली सीमॉस पद्धतीची चकती संगणकाच्या साध्या चिप ज्या रीतीने बनतात त्याच रीतीने बनवता येते. १९९२ मध्ये चित्र आटोपशीर करून साठवण्याची जेपेग ही पद्धतही ठरली होती. या दोन गोष्टी आणि एक प्लॅस्टिकचे भिंग एकत्र आले की नवशिक्याचा कॅमेरा तयार.

हा कॅमेरा उघडून पाहिला तर आत ब्राउनीच दिसते. भिंग पुढेमागे होत नाही, दीड मीटरपासून लांबवरचे सगळे बऱ्यापैकी स्पष्ट दिसेल अशा बेताने ते कायमचे बसवलेले असते. त्यामुळे फुलातले केसर टिपायला गेलात तर चित्र धूसर येते. पण शिक्षकांकडे यावर दोन रुपयांचाही खर्च नसलेला उपाय आहे. चाळिशीच्या चष्म्याचे +२ नंबरचे भिंग कॅमेऱ्यापुढे धरा. त्याचे नाभीय अंतर ५० सेंटीमीटर असते, म्हणून साधारण अर्ध्या मीटरवरची वस्तू स्पष्ट येते. +४ चे भिंग धरले तर २५ सेंटीमीटरवरची. प्रकाशाच्या धड्यातले डायॉप्टर इतक्या सहज दुसरीकडे कुठे भेटत नाहीत. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्याकडे रोखून बटन दाबले तर पडद्यावर त्याचा दिवा लुकलुकताना दिसतो, डोळ्यांना मात्र तो दिसत नाही. सिलिकॉनची चकती अवरक्त किरणही टिपते, आणि ते अडवणारा गाळणीचा थर स्वस्त कॅमेऱ्यात बेताचाच असतो. महागड्या कॅमेऱ्यात हा प्रयोग फसण्याची शक्यता जास्त.

सेलचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅमेऱ्यात ‘संपलेले’ साधे सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले तर घड्याळ पुढे कित्येक महिने चालते. मुले याला जादू म्हणतात. समजा सेलचा अंतर्गत रोध १ ओहम आहे आणि विद्युतचालक बल १.४ व्होल्ट उरले आहे. कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर प्रवाह मागितला की अर्धा व्होल्ट सेलच्या आतच खर्च होतो, बाहेर येतात ०.९ व्होल्ट, आणि कॅमेरा मान टाकतो. घड्याळ मागते एक सहस्रांश अँपिअरहूनही कमी, त्यामुळे त्याला जवळजवळ पूर्ण १.४ व्होल्ट मिळतात. म्हणून कॅमेऱ्यासाठी पुन्हा भारित होणारे सेल घ्यावेत. त्यांचा दाब १.२ व्होल्टच असला तरी अंतर्गत रोध फार कमी असतो.

अगदी स्वस्त कॅमेऱ्यांत एक खोड होती. त्यांची स्मृती विजेवर जगणारी असे, सेल काढले की फोटो नाहीसे. आमच्या वापरात असलेल्या अशा एका कॅमेऱ्यातून एका सहलीचे सगळे फोटो घरी पोचण्यापूर्वीच गेले. सेल बदलण्याआधी फोटो संगणकावर उतरवावेत हे त्याच्यासोबतच्या कागदावर बारीक अक्षरात छापले होते म्हणे, इंग्रजीत आणि चिनीत. मेमरी कार्डाची सोय असलेला कॅमेरा असेल तर ही भीती नाही.

मुख्य गोष्ट आता सांगता येईल. १८८८ ला रसायने गेली, १९०० ला कॅमेरा स्वस्त झाला, आणि या प्लॅस्टिकच्या डबीने पुढच्या फोटोचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. पहिला फोटो काढणे कधीच फार अवघड नव्हते, कोणी तरी काढून देई. तीच वस्तू उद्या पुन्हा, परवा पुन्हा टिपण्याची चैन गरिबाला परवडत नव्हती. विज्ञानाला गरज असते ती नेमकी याच पुन्हाची.

फोनमध्येही हे सगळे आहेच, मग कपाटातला कॅमेरा कशाला, असे कोणी विचारील. जगाने तोच विचार केला. २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२० साली ती संख्या एक कोटीच्याही खाली आली. ज्या कंपनीत पहिला डिजिटल कॅमेरा जन्मला त्या कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पण शाळेच्या दृष्टीने एक फरक उरतो. फोन शिक्षकाचा असतो. त्यात त्याचे बँकेचे व्यवहार असतात, घरच्यांचे फोटो असतात, तो मुलाच्या हातात दिवसभर देता येत नाही. शिवाय शाळेत फोनवर आज जे फोटो निघतात त्यांतले बहुतेक वर पाठवायचे असतात : पोषण आहाराची पंगत, वृक्षारोपण, हात धुवा दिन. मुले त्यांत असतात, रांगेत. कॅमेरा कोणाकडे रोखायचा हे ती ठरवत नाहीत.

जॉन्सनच्या पुस्तकांकडे पुन्हा यायचे ते इथे. जव्हार-मोखाड्याचे बहुसंख्य रहिवासी वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा जमातींचे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले. त्या बातम्या यायलाच हव्या होत्या. परंतु त्यानंतर बाहेरच्या माणसाच्या मनात या भागाची दोनच चित्रे राहिली : एक कुपोषित मूल आणि एक पावसाळी धबधबा. दोन्ही बाहेरून आलेल्यांनी काढलेली. नागलीची आवणी करणारी स्वतःची आजी, घराच्या कुडाची भिंत दरसाल कशी सारवली जाते, विहिरीचे पाणी मार्चपासून जूनपर्यंत किती पायऱ्या खाली जाते, ही चित्रे इथल्या मुलांखेरीज कोण काढणार? त्यांत शेवटचे तर थेट विज्ञान आहे. विहिरीच्या कठड्यावर खूण करून दर सोमवारी एक फोटो घेतला तर उन्हाळ्याअखेर ग्रामसभेत ठेवण्यासारखा पुरावा हाती येतो. टँकरच्या मागणीच्या अर्जाला असे फोटो जोडले, तर तो अर्ज जरा वेगळ्या नजरेने वाचला जाईल, असे आम्हाला वाटते.

नागलीचे म्हणाल तर ते आपले वाटाण्याचे रोप. जूनमध्ये राबात पेरणी, जुलैत आवणी, दिवाळीच्या आसपास कापणी. शेताच्या बांधावर एक खुंटी पक्की रोवावी आणि कॅमेरा रोज त्याच खुंटीवर टेकवून, एकाच वेळी फोटो घ्यावा. पावसात कॅमेऱ्याला जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून भिंगापुरते भोक ठेवावे, किंवा शाळेच्या पडवीत कुंडीतच रोप लावावे. रोपाशेजारी सेंटीमीटरच्या खुणा केलेली काठी उभी असावी. १२० दिवसांचे १२० फोटो संगणकावर सेकंदाला आठ या गतीने दाखवले तर १५ सेकंदांत लोंब्या बाहेर येतात. मधले काही दिवस हुकतील, ते रिकामेच ठेवावेत. आदल्या दिवसाचा फोटो त्या जागी घालणे म्हणजे जॉन्सनचे चिकटकाम झाले.

एक काळजी मात्र घ्यावी. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यांतले पहिले आणि शेवटचे एवढेच आहे, आणि तेही १९१३ चे की त्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे याविषयी अभ्यासकांत वाद आहे. मेमरी कार्ड तर रिळापेक्षाही बेभरवशाचे. शिवाय या कॅमेऱ्यांतले घड्याळ सेल काढले की बहुधा मूळपदावर जाते, आणि मग जुलैचा फोटो १ जानेवारीचा होतो. म्हणून तारखेची पाटी रोपाशेजारी चित्रातच ठेवावी. फोटोंची एक प्रत संगणकावर आणि दुसरी शाळेबाहेर कोणाकडे तरी असावी. आणि हंगाम संपला की तालुक्याच्या ठिकाणी जाऊन निदान दहा-बारा फोटो कागदावर छापून आणावेत, मागे पेन्सिलीने तारीख, शेताचे नाव आणि फोटो काढणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे पूर्ण नाव लिहावे.